गीतनिवडीची परंपरा : ध्वनिफितीपासून दैनंदिन विषयापर्यंत (धाकटी डहाणूच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

आवडीची गाणी एका सूत्रात ओवून ती दुसऱ्यास ऐकविणे ही कृती दिसावयास साधी आहे. परंतु तीत निवड, क्रम आणि नकार या समीक्षेच्या तीनही क्रिया एकाच वेळी घडत असतात. अलीकडे अनेक संगीतप्रेमी दररोज एक विषय ठरवितात, कधी पाऊस, कधी रेल्वे, कधी एखादा राग, आणि त्यावर प्रत्येक जण आपल्या संग्रहातील एक ध्वनिमुद्रिका सुचवितो. या प्रथेचे मूळ पाश्चात्त्य 'मिक्सटेप'मध्ये शोधले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. भेंड्या खेळत वाढलेल्या मराठी माणसाला अटीत बसणारे गाणे क्षणात आठवण्याची सवय फार जुनी आहे. प्रस्तुत लेखात या प्रथेची घडण आणि तिची एक मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

फितीचे गणित

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट बाजारात आणली. तिच्यातील फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असून दर सेकंदास सुमारे ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. म्हणजे ३० मिनिटांच्या एका बाजूसाठी सुमारे ८६ मीटर फीत लागते. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. त्यामुळे साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर अशी आठ-नऊ गाणी मावत. दहावे घ्यावयाचे तर एक वगळणे भाग होते. आपल्याकडे १९८० च्या दशकात गाण्यांची हस्तलिखित यादी दुकानदाराकडे देऊन 'कॅसेट भरून घेणे' हा रूढ व्यवहार होता. शेवटचे गाणे अर्ध्यात तुटल्याचा अनुभव त्या पिढीतील बहुतेक वाचकांना असेल! पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातील कॅसेटव्यवहारावरील १९९३ च्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, या स्वस्त माध्यमाने मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि प्रादेशिक गीतांना बाजार मिळाला. वेसावकरांच्या कोळीगीतांच्या कॅसेटी हे आपल्या किनाऱ्यावरील त्याचे ठळक उदाहरण होय.

नभोवाणीचा वाटा

विषयानुसार गाणी निवडण्याचे खरे शिक्षण मात्र नभोवाणीने दिले. रेडिओ सिलोनवर १९५२ मध्ये सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाला'ने क्रमवारीची गोडी लावली; ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेल्या विविध भारतीवरील 'छायागीत'मध्ये निवेदक एखादी कल्पना घेऊन तिच्याभोवती रात्रीची गाणी गुंफीत असे. 'आपली आवड'मध्ये निवड श्रोत्यांची असे. आज दररोज विषय देणारा रसिक नकळत छायागीताच्या निवेदकाची भूमिका वठवितो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

धाकटी डहाणू हे डहाणूच्या खाडीलगतचे, प्रामुख्याने मांगेला मच्छीमारांचे गाव. मध्यम लहरी कोरड्या जमिनीपेक्षा खाऱ्या पाण्यावरून कमी क्षीण होतात. त्यामुळे मुंबई केंद्राचा आवाज उत्तरेकडे किनाऱ्याकिनाऱ्याने पोहोचण्यास समुद्राचे साहाय्यच होते.

'समुद्र' हा विषय दिला तर?

समजा, एखाद्या दिवशी 'समुद्र' हा विषय दिला. मराठी रसिकांपैकी कितीतरी जण 'मी डोलकर' सुचवितील. या गीताचे शब्द शांता शेळके यांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे, स्वर लता मंगेशकर व हेमंतकुमार यांचे. गीत उत्तमच आहे. तथापि या चौघांपैकी कोणीही मच्छीमार समाजातील नव्हते. धाकटी डहाणूच्या लग्नघरात स्त्रिया जे गातात, किंवा डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर वारली विवाहात धवलेरी जे गाते, ते या यादीत येत नाही, कारण ते तबकडीवर गेलेच नाही. तारप्याचा नाद कॅसेटवर गेला असेल तर बहुधा घरगुती यंत्रावर, लेबलाविना. निवड कितीही रसिकतेने केली तरी ती मुद्रित झालेल्यातूनच होते. आणि काय मुद्रित व्हावे हे विक्रीने ठरविलेले असते. विषयाधारित निवडीची ही मर्यादा तिच्या चाहत्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

येथे काळाचाही प्रश्न आहे. दमट हवेत फितीवरील चुंबकीय कणांना धरून ठेवणारे बंधकद्रव्य हळूहळू विघटित होते आणि बुरशी धरते. दुसरीकडे ३० ऑगस्ट २०२४ रोजी याच तालुक्यातील वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदराविषयी मतभेद आहेत, त्यांचा निवाडा येथे अभिप्रेत नाही. परंतु मासेमारीशी जखडलेली गाणी मासेमारीच्या भवितव्याशीही जखडलेली आहेत, हे नाकारता येणार नाही.

नोंदीचा प्रश्न

मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेचे कार्य येथे उपयुक्त ठरते. मायकेल किनिअर व सुरेश चांदवणकर यांच्या पुढाकाराने तिने श्रवणसभा भरविल्या आणि 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक चालविले. नुसते 'ऐका' म्हणण्यापेक्षा तबकडीचा क्रमांक, कलावंत व मुद्रणकाळ नोंदविण्यावर या संग्राहकांचा भर राहिला. दैनंदिन निवडीत एवढी शिस्त आली तर करमणुकीतून सूची तयार होते. घरगुती फितीबाबत तर गाणारीचे नाव, प्रसंग, गाव आणि पाडा एवढे लिहिले तरी पुरे. दहा वर्षांनी ते सांगणारे कोणी उरेलच असे नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात पाहू. १९५७ च्या स्वामित्व हक्क अधिनियमातील कलम २७ नुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. खाजगी वापराची कलम ५२ मधील सवलत ध्वनिमुद्रणांना २०१२ च्या दुरुस्तीने मिळाली. म्हणजे आपल्या तरुणपणीच्या भरून घेतलेल्या कॅसेटींना तो आधार नव्हता! लग्नात गाणाऱ्या स्त्रीलाही कलम ३८ अन्वये कलावंताचा हक्क असतो, त्याची मुदत ५० वर्षे. तेव्हा विद्यार्थ्यांकरवी अशा फिती जमा करताना प्रथम तिची संमती घ्यावी, आणि ती तिच्याच बोलीत, तिला समजेल अशा शब्दांत विचारावी.