खाली सरकू की क्लिक करू?

सगळं एकाच लांबलचक पानावर मांडायचं की मेन्यूत वाटून द्यायचं? वेबसाइट बनवणाऱ्यांमध्ये गेली तीस वर्षं चाललेला हा वाद आता कॉलेज फेस्टच्या टेक टीमपर्यंत येऊन पोहोचलाय.

सेकंड इयरला असताना मी आमच्या फेस्टच्या वेब टीममध्ये होते. चौघांची टीम, तीन रात्रींचं जागरण आणि वेबसाइट तयार! होमपेज उघडलं की स्क्रीनभर आदल्या वर्षीच्या गर्दीचा फोटो, त्यावर फेस्टचं नाव आणि तारीख. बस्स. लिंक ग्रुपवर पडली, ‘कडक’, ‘एक नंबर’ असे मेसेज आले. पण चार दिवस उलटले तरी रजिस्ट्रेशनचा आकडा काही हलेना. सगळे इव्हेंट हेड आमच्याकडे रागाने बघायला लागले. सर्व्हर तपासला, फॉर्म तपासला. सगळं व्यवस्थित चालू होतं.

शेवटी कॅन्टीनमध्ये एका ज्युनिअरच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, ‘‘जरा स्ट्रीट प्लेसाठी नाव नोंदवून दाखव ना.’’ त्याने साइट उघडली, फोटो बघितला, फोटोवर दोनदा टॅप केलं आणि फोन परत देत म्हणाला, ‘‘ताई, रजिस्ट्रेशन अजून सुरू झालं नाही का?’’

रजिस्ट्रेशनचं बटण त्याच पानावर होतं, फोटोच्या खाली. पण तो खाली गेलाच नाही. कारण खाली काही आहे, असं त्याला कुठे दिसतच नव्हतं. आम्ही अभिमानाने लावलेला तो फोटो त्याच्यासाठी पानाचा शेवट ठरला होता.

त्या रात्री आम्ही दोनच गोष्टी केल्या. फोटोची उंची कमी केली, म्हणजे खालच्या ‘इव्हेंट्स’ या शीर्षकाचं डोकं वर डोकावायला लागलं. आणि ‘नाव नोंदवा’ हे बटण उचलून फोटोवर आणलं. दुसऱ्या दिवसापासून नावं यायला लागली. तेव्हा डोक्यात घुसलेला प्रश्न मात्र अजून गेलेला नाही. दिवसभर फोनवर अंगठा सरकवणारी आपली पिढी एका पानावर खाली का गेली नाही?

घडीच्या वर, घडीच्या खाली

या वादाचं मूळ तुमच्या हातातल्या वर्तमानपत्रातच आहे. स्टॉलवर पेपर घडी घालून ठेवलेला असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो तो फक्त वरचा अर्धा भाग. त्यामुळे दिवसाची मोठी बातमी घडीच्या वर जाते. वेबसाइट आल्या तेव्हा डिझायनरांनी हीच कल्पना उचलली. न सरकवता स्क्रीनवर जेवढं दिसतं ते घडीच्या वर, बाकी सगळं घडीच्या खाली.

वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात, याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी १९९४ च्या सुमारास लोकांना साइट वापरताना बघितलं. लिंकची यादी असलेल्या पानांवर जेमतेम १० टक्के लोक खाली जात होते. साहजिकच सल्ला निघाला, महत्त्वाचं सगळं पहिल्या स्क्रीनवर कोंबा आणि बाकीचं क्लिकच्या मागे ठेवा.

पण तेव्हा खाली जाणं म्हणजे काय होतं, हेही बघायला हवं. माउसला चाक नव्हतं. उजव्या कडेची ती बारीक पट्टी नेमकी पकडायची आणि ओढायची, नाहीतर तिच्या टोकाचा इवलासा बाण दाबत बसायचं. चाकाचा माउस त्याआधीही बनला होता, पण तो घराघरांत पोहोचायला लागला १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाउसनंतर. लोकांनाही लांब पानांची सवय होत गेली आणि १९९७ च्या अखेरीस खुद्द नील्सन यांनी आपला सल्ला मागे घेतला. पुढे २००७ मध्ये आयफोन आला आणि काचेवर बोट सरकवणं हीच सगळ्यात सोपी हालचाल झाली. लोकलमध्ये एका हाताने कडी धरलेली असताना दुसऱ्या हाताचा अंगठा नुसता वर ढकलायला काहीच कष्ट पडत नाहीत. छोट्या बटणावर नेम धरायचा, तर मात्र लक्ष द्यावं लागतं.

मग घडी संपली का? तर नाही. नील्सन यांच्याच संस्थेने लोकांची नजर स्क्रीनवर कुठे फिरते, हे मोजलं. २०१० मध्ये पानावरचा ८० टक्के वेळ पहिल्या स्क्रीनवर जात होता. २०१८ मध्ये हा आकडा ५७ टक्क्यांवर आला. म्हणजे लोक खाली जातात, पूर्वीपेक्षा जास्त जातात, पण वरचं बघून खाली जायचं की नाही ते ठरवतात. आमच्या साइटचं घोडं नेमकं इथेच अडलं होतं.

तीन क्लिकची अफवा

क्लिकच्या बाजूलाही असाच एक ‘नियम’ वर्षानुवर्षं फिरत होता. हवी ती गोष्ट तीन क्लिकमध्ये सापडली पाहिजे, नाहीतर माणूस वैतागून निघून जातो, असं सांगितलं जायचं. ऐकायला एकदम पटतं. पण २००३ मध्ये जोशुआ पोर्टर या अभ्यासकाने लोकांच्या क्लिक खरोखर मोजून बघितल्या, तेव्हा तसं काही आढळलं नाही. तिसऱ्या क्लिकनंतर लोक पळून जात नव्हते. कितीतरी जास्त क्लिक करूनही ते शोधत राहत होते. आणि क्लिक वाढल्या म्हणून नाराजी वाढली, असंही नव्हतं.

माणूस वैतागतो तो क्लिकच्या संख्येला नाही, तर आंधळ्या क्लिकला. पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड या झेरॉक्सच्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात यासाठी मस्त उपमा वापरली होती, वासाची. प्राणी भक्ष्याचा माग काढतो, तसा माणूस माहितीचा वास घेत पुढे जातो. लिंकवरच्या शब्दांना हव्या त्या गोष्टीचा वास येत असेल, तर तो चौथी, पाचवी क्लिकही आनंदाने करतो. वास हरवला की पहिल्याच क्लिकला गडबडतो.

आता आमच्या मेन्यूचे शब्द ऐका. ‘रणांगण’, ‘जल्लोष’, ‘खजिना’. नावं ठेवताना आम्ही भयंकर खूश होतो. पण क्विझ नेमकी कशात? रणांगणात की खजिन्यात? आमच्याच टीममधल्या एकाला ते सांगता आलं नव्हतं. तिथे ‘खेळ’, ‘नाच-गाणी’, ‘क्विझ’ असं साधं लिहिलं असतं, तर कुणाला विचारायची वेळ आली नसती.

वाचतोय की शोधतोय?

मग स्क्रोल की क्लिक? मला उमगलेलं उत्तर सोपं आहे. एकच गोष्ट सलग पुढे जात असेल तर स्क्रोल. वाटा फुटत असतील तर क्लिक. लेख, फोटो, एखाद्या इव्हेंटचे नियम यांचे पाच तुकडे करून दर वेळी ‘पुढचं पान’ दाबायला लावणं म्हणजे छळ आहे. याउलट बारावीच्या निकालाचा दिवस आठवा. आसन क्रमांक टाका, आईचं नाव टाका, बटण दाबा. त्या क्षणी कुणालाही लांबलचक पान नको असतं. एक गोष्ट हवी असते आणि ती समोर यावी लागते.

मोठमोठ्या कंपन्यांनाही हा फरक ठेच लागूनच कळला. हाताने बनवलेल्या वस्तू विकणाऱ्या एट्सी या अमेरिकन साइटने २०१२ च्या सुमारास शोधाच्या निकालांना न संपणारा स्क्रोल लावून बघितला. जास्त वस्तू दिसल्या तर जास्त विक्री होईल, असा हिशेब होता. झालं उलटंच. लोक कमी वस्तूंवर क्लिक करायला लागले, शोधातून होणारी खरेदीही घटली. गुगलने २०२१ मध्ये मोबाइलवर आणि २०२२ च्या अखेरीस कॉम्प्युटरवर शोधाचे निकाल सलग सरकते केले होते. २०२४ मध्ये ते बंद करून कॉम्प्युटरवर पुन्हा पानांचे आकडे आणले.

असं का होत असावं? शोधणाऱ्याला ठावठिकाणा लागतो. ‘ती निळी कुर्ती दुसऱ्या पानावर होती’ असं आपण लक्षात ठेवतो. सलग वाहणाऱ्या यादीत दुसरं पानच नसतं. आणि संपर्काचा पत्ता पानाच्या तळाला असेल, तर तिथे कधी पोहोचताच येत नाही. जवळ गेलं की नवीन माल येऊन पडतोच.

तळ नसलेली विहीर

हा न संपणारा स्क्रोल २००६ मध्ये तयार करणारा डिझायनर म्हणजे अझा रास्किन. त्याचे वडील जेफ रास्किन यांनी अॅपलमध्ये मॅकिन्टॉशचं काम सुरू केलं होतं. अझाचा हेतू चांगलाच होता. पुढचं पान हवंच आहे, तर माणसाला बटण शोधायला कशाला लावायचं? पण पुढे हीच युक्ती सोशल मीडियाने उचलली आणि रास्किनने त्याबद्दल जाहीरपणे खंतही व्यक्त केली.

कारण ‘पुढचं पान’ हे बटण अडथळा असलं, तरी ते विचारायचं, ‘‘अजून हवंय का?’’ तेवढ्या एका क्षणात आपण घड्याळ बघायचो, ‘बास आता’ म्हणायचो. बटण गेलं आणि त्याबरोबर प्रश्नही गेला. परीक्षेच्या आदल्या रात्री ‘फक्त पाच मिनिटं’ म्हणून हातात घेतलेला फोन दीड वाजता खाली ठेवताना आपण स्वतःलाच शिव्या देतो. त्यात आपला आळस असेलही. पण वाटेतला प्रत्येक थांबा कुणीतरी विचार करून काढून टाकलाय, हेही खरं. म्हणूनच २०१८ मध्ये इन्स्टाग्रामने गेल्या दोन दिवसांच्या सगळ्या पोस्ट बघून झाल्याचं सांगणारी खूण आणली, तेव्हा त्याची बातमी झाली. पान संपलं, एवढं सांगण्याचीसुद्धा बातमी!

तुमच्यापैकी कुणी यंदा फेस्टची साइट करत असेल, कुणी काकांच्या दुकानाची, तर कुणी स्वतःचा पोर्टफोलिओ. खालच्या भागाचं थोडंसं टोक वर दिसू द्या. बटणावर साधे शब्द लिहा. पान कुठेतरी संपू द्या. आणि लिंक ग्रुपवर टाकण्याआधी पाच जणांच्या हातात फोन द्या. नील्सन यांनीच २००० मध्ये लिहिलं होतं की, बहुतेक मोठे घोळ सापडायला पाच माणसं पुरतात. फक्त एक पथ्य पाळा. ते चुकत असताना मध्ये बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. गप्प बसून बघायचं.

आमच्या त्या ज्युनिअरला स्ट्रीट प्लेमध्ये रोल मिळाला होता, बरं का. बटण वर आणल्यावर सगळ्यात आधी त्यानेच नाव नोंदवलं.