रुग्णनोंदींचा सांधा

ॲमस्टरडॅमच्या दक्षिण टोकाला, अम्स्टेलव्हेन शहराला लागून असलेली बुइटनव्हेल्डर्ट ही वस्ती दुसऱ्या महायुद्धानंतर आखीव पद्धतीने उभी राहिली. तिच्या उत्तर कडेला दे बूलेलान रस्त्यावर जे विद्यापीठीय रुग्णालय आहे, ते शहरातल्या दुसऱ्या विद्यापीठीय रुग्णालयाशी २०१८ मध्ये एकत्र आले आणि आता दोन्ही मिळून ‘ॲमस्टरडॅम यूएमसी’ म्हणून ओळखली जातात. असे मोठे रुग्णालय हाकेच्या अंतरावर असले, तरी वस्तीतल्या एखाद्या रहिवाशाची वैद्यकीय माहिती एका जागी सापडत नाही. आजारांचा इतिहास ‘हाउसआर्ट्स’कडे, म्हणजे ज्यांच्याकडे नाव नोंदवावे लागते आणि ज्यांच्या चिठ्ठीशिवाय सहसा तज्ज्ञाकडे जाता येत नाही अशा फॅमिली डॉक्टरांकडे असतो; औषधांची यादी ठरलेल्या औषधविक्रेत्याकडे, शस्त्रक्रियेची नोंद रुग्णालयाकडे आणि तपासण्यांचे निकाल प्रयोगशाळेकडे असतात.

या विखुरलेपणाचे मूळ व्यवस्थेच्या घडणीत आहे. नेदरलँड्समध्ये २००६ च्या कायद्याने आरोग्यविमा प्रत्येकाला सक्तीचा झाला, परंतु विमा कंपन्या खाजगी, बहुतेक रुग्णालये स्वायत्त संस्था आणि फॅमिली डॉक्टर स्वतंत्र व्यावसायिक अशी ही रचना आहे. म्हणजे सेवा सार्वजनिक हमीची असली, तरी सर्व नोंदींचा मालक म्हणावा असा कोणी एक नाही. सरकारने या विखुरलेल्या नोंदींमधला दुवा स्वतः जोडण्याचा प्रयत्न केला. नोव्हेंबर २००८ मध्ये घरोघरी पत्रे गेली, आणि ज्यांना आपली माहिती राष्ट्रीय व्यवस्थेत नको असेल त्यांनी तसे कळवावे, असे त्यांत सांगितले होते. गप्प राहणे म्हणजे होकार, असा त्याचा अर्थ होता. कनिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये विधेयक मंजूर केले, पण सुरक्षितता आणि खाजगीपणा यांविषयीच्या शंकांमुळे वरिष्ठ सभागृहाने ५ एप्रिल २०११ रोजी ते एकमताने फेटाळले. तोवर उभारलेली यंत्रणा मोडीत न काढता डॉक्टर, औषधविक्रेते आणि रुग्णालये यांच्या संघटनांनी मिळून ती चालवायला घेतली, पण अट उलटली: रुग्णाने स्पष्ट होकार दिला तरच त्याच्या नोंदी इतरांना दिसतील.

या यंत्रणेचे डच नाव ‘लांडेलेक स्खाकेलपुंट’ असे आहे आणि त्याचा अर्थ रेल्वेच्या भाषेतून चांगला कळतो. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जिथे वळते, त्या जागेला सांधा म्हणतात. सांधेवाला गाडीला मार्ग देतो, पण तिच्यातला माल उतरवून स्वतःकडे ठेवत नाही. डच सांधाही वैद्यकीय नोंदी साठवत नाही. अमुक नागरिक-क्रमांकाच्या व्यक्तीची माहिती अमुक डॉक्टरकडे आहे, एवढीच निर्देशसूची तो बाळगतो. ‘बीएसएन’ हा नागरिक-क्रमांक आरोग्यसेवेत वापरण्याचा कायदा २००८ मध्ये झाल्यामुळे एकाच आडनावाच्या आणि एकाच जन्मतारखेच्या दोन माणसांची गल्लत टळू लागली.

रविवारी रात्री एखाद्या ज्येष्ठ रहिवाशाला धाप लागली, तर त्याचे नेहमीचे डॉक्टर उपलब्ध नसतात आणि त्याला परिसरातल्या सामायिक रात्रसेवा केंद्राकडे वळावे लागते. तिथले डॉक्टर ‘उझी-पास’ नावाचे, व्यवसायाची नोंदणी तपासून दिलेले ओळखपत्र संगणकाला जोडून सांकेतिक क्रमांक टाकतात आणि रुग्णाच्या क्रमांकावर विचारणा करतात. सांधा आधी विचारणाऱ्याचा अधिकार आणि रुग्णाचा होकार पाहतो, मग विचारणा त्या फॅमिली डॉक्टरांच्या संगणकाकडे वळवतो. उत्तरादाखल संपूर्ण इतिहास येत नाही. चालू आजार, औषधे, ॲलर्जी आणि अलीकडच्या भेटी यांचा सारांश तेवढा येतो. कोणी, कधी, काय पाहिले याची नोंद होते आणि रुग्णाला ती पाहता येते. जो माणूस आपल्या नोंदी कोणी चाळल्या हे स्वतः तपासू शकतो, त्याचा विश्वास नुसत्या आश्वासनापेक्षा पक्क्या पायावर उभा असतो.

होकाराची अट मात्र फुकट मिळत नाही, कारण ज्याने कधी होकारही दिला नाही आणि नकारही, असा माणूस बेशुद्धावस्थेत आला, तर डॉक्टरांपुढे कोरा पडदा उभा राहतो. करोनाच्या साथीत, २०२० च्या वसंतात, ही अडचण इतकी तीव्र झाली की निवड न नोंदवलेल्या रुग्णांचा सारांश तातडीच्या सेवेतील डॉक्टरांना पाहता यावा, अशी तात्पुरती सोय करावी लागली. शक्य असेल तिथे रुग्णाला त्या क्षणी विचारणे बंधनकारक होते, आणि ज्यांनी नकार नोंदवला होता त्यांच्या नोंदी बंदच राहिल्या. प्रत्येक दवाखान्यात वेगळा होकार देण्याऐवजी एकाच ठिकाणी निवड नोंदवता यावी, यासाठी ‘मित्स’ नावाची राष्ट्रीय संमतीनोंदणी आता टप्प्याटप्प्याने उभी राहत आहे.

मार्ग मोकळा असला, तरी दोन्ही टोकांची भाषा एक असावी लागते. एका रुग्णालयाची आज्ञावली दुसऱ्या रुग्णालयाच्या आज्ञावलीला समजत नसल्यामुळे क्ष-किरण आणि एमआरआयच्या प्रतिमा डीव्हीडीवर उतरवून पाठवण्याची पद्धत या अत्यंत संगणकीकृत देशात वर्षानुवर्षे चालू राहिली. त्यावर उपाय म्हणून १ जुलै २०२३ पासून ‘वेखीझ’ हा कायदा लागू झाला, ज्यानुसार ठरवून दिलेल्या प्रकारची माहिती देताना ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने, आणि पुढे ठरलेल्या मानकांनुसार, देणे बंधनकारक होत जाते. कोणाला काय द्यावे याचे आणि संमतीचे नियम मात्र हा कायदा बदलत नाही.

माहिती फुटली, ती बहुधा या सांध्यावर नव्हे, तर रोजच्या वापरातल्या दारांतून. हेगमधील हागा रुग्णालयात एका प्रसिद्ध व्यक्तीच्या नोंदी उपचाराशी संबंध नसलेल्या अनेक कर्मचाऱ्यांनी चाळल्या, आणि माहिती-संरक्षण प्राधिकरणाने २०१९ मध्ये रुग्णालयाला ४,६०,००० युरोंचा दंड केला, जो न्यायालयाने पुढे ३,५०,००० वर आणला. ॲमस्टरडॅमच्या ओएलव्हीजी रुग्णालयाला २०२१ मध्ये ४,४०,००० युरोंचा दंड झाला, तो नोंदी कोण पाहते यावर पुरेशी देखरेख नसल्यामुळे आणि प्रवेशासाठी दुहेरी पडताळणी अपुरी असल्यामुळे. ऑगस्ट २०२५ मध्ये उघड झालेल्या घटनेत रेइस्वेइक येथील प्रयोगशाळेतून गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी केलेल्या लाखो स्त्रियांची माहिती चोरीला गेली. साठा एका जागी न करण्याचा फायदा एवढाच की एक दार फुटल्याने सगळे घर उघडे पडत नाही. प्रत्येक दाराची कडी मात्र ज्याची त्यालाच लावावी लागते.

नोंदी जोडण्याचा हाच विचार आता देशांच्या सीमा ओलांडत आहे. मार्च २०२५ मध्ये अंमलात आलेल्या युरोपीय आरोग्य-माहिती नियमानुसार २०२९ पर्यंत रुग्णाचा सारांश आणि औषधांच्या चिठ्ठ्या सदस्य देशांत परस्परांना वाचता यायला हव्यात. भारतातही २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य अभियानात नोंदी जिथल्या तिथे ठेवून ‘आभा’ या १४ अंकी क्रमांकाने आणि रुग्णाच्या संमतीने त्या जोडण्याचे तत्त्व स्वीकारले आहे, आणि रोगांच्या नावांसाठी ‘स्नोमेड’ ही सांकेतिक शब्दावली दोन्ही देश वापरतात. एवढे साम्य असूनही दोन्ही मार्ग अजून एकमेकांना मिळालेले नाहीत. अम्स्टेलव्हेन आणि बुइटनव्हेल्डर्ट परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाकडे मुलांसोबत राहायला आलेल्या आईवडिलांची पुण्यातली वैद्यकीय हकीकत डच डॉक्टरांपर्यंत पोहोचते ती रिपोर्टांच्या फायलीतूनच, आणि तिच्यातल्या भारतीय गोळ्यांच्या नावांवरून मूळ औषध कोणते हे डॉक्टरांना शोधून काढावे लागते. ती फाईल कोणाला दाखवायची हे मात्र ती हातात धरणारा माणूस स्वतः ठरवतो, आणि डच सभागृहाने २०११ मध्ये नकार देऊन राखला, तो नेमका हाच अधिकार होता.