आधी टाकी, मग रंग

लग्नाच्या मिरवणुकीत जुनी जीप उभी राहिली, की नवरदेवाआधी तिचे फोटो निघतात. रंग, टायर, नवं हूड सगळ्यांना दिसतं. ड्रायव्हरच्या सीटखाली बसवलेल्या पेट्रोलच्या टाकीकडे कुणी पाहत नाही. मुक्ताईनगरच्या आसपासच्या गॅरेजांत माझी उठबस जुनी आहे. तिथे जे पाहिलं त्यावरून सांगतो, गाडी पुन्हा रस्त्यावर येणार की नाही, हे त्या टाकीतच ठरतं.

चालते, थांबते, पुन्हा चालते

एका केळीवाल्या कुटुंबाची साठच्या दशकातली महिंद्रा जीप, पेट्रोल इंजिनाची. बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. इंजिन चालू झालं, घरातली लेकरं टाळ्या वाजवू लागली. पण दोन-तीन किलोमीटर गेलं की गाडी आचके द्यायची आणि बंद पडायची. दहा मिनिटं थांबलं, की काही घडलंच नाही अशी पुन्हा चालू व्हायची.

मे महिना, पारा पंचेचाळिशीकडे. सगळ्यांनी दोष उन्हाला दिला. पाइपात पेट्रोलची वाफ होते म्हणून पंपावर ओलं फडकं ठेवून झालं. प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर दोनदा खोलला. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आधी पंपाखालची काचेची वाटी काढली. तळाशी लालसर गाळ होता. तो बोटांत चोळून ते मालकाला म्हणाले, "भाऊ, कार्बोरेटरले नका हात लावू आता. टाकी उतरवा."

कारण सरळ होतं. टाकीतल्या गंजाच्या खपल्या पेट्रोलबरोबर ओढल्या जाऊन तळाच्या नळीच्या तोंडाशी चिकटत. इंजिन बंद झालं की ओढ संपे, खपल्या खाली पडत आणि वाट मोकळी होई. खात्री करायला मिस्त्रींनी पंपाची नळी स्वच्छ पेट्रोलच्या बंद कॅनला जोडली. गाडी पूर्णेच्या पुलापर्यंत जाऊन एकदाही न अडखळता परत आली.

अर्धी टाकी

गाडी ठेवताना पेट्रोल वाया नको म्हणून टाकी अर्धी रिकामी ठेवतात. गंजाची सुरुवात तिथे होते. दिवसा आतली हवा तापून बाहेर पडते, रात्री थंड होऊन बाहेरची दमट हवा आत येते. वरच्या पत्र्यावर दव धरतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी जाऊन बसतं. त्यामुळे टाकी छताला आणि तळाला, दोन्हीकडून खाल्ली जाते.

त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. ते पाणी शोषून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉल त्याच्यासह पेट्रोलपासून वेगळं होऊन खाली उतरतं. भिंतींवर साचलेला जुना चिकट थरही ते सोडवतं, आणि वर्षानुवर्षं जागेवर बसलेला गंज अचानक फिल्टरात येतो.

रिकाम्या टाकीची भीती

एका गॅरेजमध्ये तरुण पोरानं टाकी आणली. "काका, रिकामीच आहे, एवढं भोक वेल्डिंगनं बुजवून द्या." वेल्डिंगवाल्यानं टाकी हातात घेतली नाही. अंगणाच्या टोकाला, मोकळ्यावर ठेवायला लावली.

त्याचं बरोबर होतं. पेट्रोल पेटतं ते वाफेच्या रूपात. हवेत ही वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की एक ठिणगी पुरते. भरलेल्या टाकीत हवेला जागा थोडी. ओतून काढलेल्या टाकीत मात्र वाफ आणि हवा यांचं मिश्रण भरलेलं असतं. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात आणि जमिनीलगत रेंगाळते. म्हणून बॅटरी आधी काढायची, काम उघड्यावर करायचं, टाकी गरम पाण्यानं आणि साबणानं पुन्हा पुन्हा धुवायची. एवढं करूनही आगीचं काम जाणत्या माणसाकडेच द्यायचं.

ट्रॅक्टरच्या चाकावर

खानदेशी डोकं मला सर्वांत आवडलं ते इथे. जीपच्या धुतलेल्या टाकीत बारीक साखळी आणि मूठभर नट टाकले. नट मोजून टाकले, म्हणजे मोजून काढता येतात. टाकी गोधडीत गुंडाळली. ट्रॅक्टरचं एक मागचं चाक जॅकवर उचललं, बाकीच्या चाकांना दगड लावले, टाकी उचललेल्या चाकावर घट्ट बांधली आणि सर्वांत हळू गिअरमध्ये ते फिरत ठेवलं. शेजारून माणूस हलला नाही. संध्याकाळी टाकी उलटी केली तेव्हा घमेलं भरून गंज निघाला.

तरीही मिस्त्री टॉर्च घेऊन आत पाहतच होते. टाकीत पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांच्या मागे साखळी पोचत नाही. तिथला गंज रसायनानंच काढावा लागतो.

मळी की लिंबूसत्त्व

जुने लोक मळी सांगतात. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, आणि काही आठवडे धीर. गंज सुटतो, चांगला पत्रा शाबूत राहतो. याच मळीपासून इथेनॉलही बनतं. ऊसपट्ट्यात मळी दिसते खूप, पण तिच्या विक्री-वाहतुकीवर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं. म्हणून गॅरेजमध्ये लिंबूसत्त्वाचं पाणी वापरतात. लिटरला सुमारे पन्नास ग्रॅम, झाकण उघडं, कारण आत वायू तयार होतो. संडास धुण्याचं ॲसिड मात्र नको. ते गंजाबरोबर पत्रा आणि झाळणही खातं.

नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवून टाकी ताबडतोब वाळवायची. ओला, नागडा पत्रा पाहता पाहता पुन्हा तांबूस होतो. इथे आपलं वैशाखातलं ऊन कामाला येतं. मग पाणी भरून गळती बघायची. गंजानं बुजलेली सुईएवढी भोकं आता उघडी पडतात. त्या जीपलाही तीन निघाली. ती कथलानं झाळून घेतली. मालक थोडे खट्टू झाले, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "आज अंगणात दिसली, बरं झालं. रस्त्यावर दिसली असती तर?"

२०२१ पासून केंद्राच्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. घरोघरच्या शेडमधल्या जीप, फियाट आणि ॲम्बेसेडर त्या वयाला पोचल्या आहेत. नातवंडं त्या बाहेर काढतील आणि पहिला खर्च रंगावर करतील. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. पेंटरला फोन करण्याआधी टाकी उतरवा. साफ करून झाल्यावर गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी काठापेक्षा थोडी कमी भरून ठेवा, आणि दर महिन्याला गाडी थोडी फिरवा. रंग पुढच्या वर्षी दिला तरी चालतो. गंज तेवढं थांबत नाही.