मीटर म्हणतो १२ व्होल्ट, मग दाराला कुलूप का लागेना?

जव्हार-मोखाड्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. जूनमध्ये ढग डोंगराला टेकले, की कपडे वाळत नाहीत आणि बिजागऱ्या गंजतात. अशाच एका पावसाळ्यात आमच्या जुन्या मोटारगाडीने मला एक कोडे घातले.

जव्हारहून मोखाड्याला पोचलो आणि चालकाच्या दारात किल्ली फिरवली. इतर दारांतून ‘खट्’ असा आवाज आला; मागचे डावे दार मात्र गप्प. सगळ्या दारांना एकदम कुलूप लावणाऱ्या या सोयीला ‘सेंट्रल लॉक’ म्हणतात. गॅरेजात त्या दारातल्या मोटरच्या वायरी सोडवून मीटर लावला. किल्ली फिरवताच काटा १२ व्होल्टवर! “वीज येते आहे, म्हणजे मोटरच गेली,” असा निकाल लागला. नवी मोटर बसवली. पैसे गेले, दार गप्पच. तेव्हा कुठे मी विचार करायला बसलो!

आधी ही योजना समजून घेऊ. प्रत्येक दारात एक छोटी मोटर असते. चालकाच्या दारातले बटण एका नियंत्रक पेटीला इशारा देते आणि पेटी सर्व मोटरींना क्षणभर वीज पुरवते. विजेची दिशा उलटली की मोटरही उलटी फिरते आणि कुलूप उघडते.

आता पहिला प्रश्न : सगळी दारे बंद पडली, की एकच? सगळी असती तर दोष सामाईक भागात, म्हणजे फ्यूज, पेटी किंवा बॅटरीकडून येणाऱ्या वायरीत शोधावा लागला असता. येथे एकच दार गप्प होते. म्हणजे एका प्रश्नाने हा सारा भाग निर्दोष ठरला!

दुसरा प्रश्न : दार हलवले तर काही फरक पडतो का? मुलाला किल्ली फिरवत राहायला सांगून मी दार हळूहळू उघडू लागलो. दार अर्धे उघडताच ‘खट्’! आता मोटरही निर्दोष. संशय उरला तो बिजागरीजवळच्या रबरी नळीवर. गाडी आणि दार यांमधल्या वायरी या नळीतून जातात आणि दार उघडताना-मिटताना दर वेळी वाकतात. नळी सरकवली. एका वायरीचे वेष्टन धड होते, पण आतली तांब्याची तार तुटून तिची हिरवट गंज चढलेली टोके एकमेकांना नुसती टेकली होती.

मग मीटरने १२ व्होल्ट कसे दाखवले? उत्तर १८२७ साली प्रसिद्ध झालेल्या ओहमच्या नियमात आहे. समजा, मोटरचा रोध ३ ओहम आणि गंजलेल्या सांध्याचा ९ ओहम. एकूण रोध १२ ओहम, म्हणून प्रवाह १ अँपिअर. त्यातले ९ व्होल्ट सांध्यातच खर्च होतात; मोटरला मिळतात अवघे ३. पण मोटर काढून मीटर लावला, तर त्याचा रोध हजारो ओहम असल्याने प्रवाह नगण्य वाहतो. सांध्यात जवळजवळ काहीच खर्च होत नाही आणि मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो! मीटर खोटे बोलला नाही. आपणच त्याला चुकीच्या वेळी विचारले. मोटर जोडलेली असताना मोजले असते, तर दोष तेव्हाच सापडला असता.

गंजलेला भाग कापून नव्या मऊ वायरीचा तुकडा डाख देऊन जोडला. खर्च मोटरच्या तुलनेत किरकोळ.

तुम्हीही हे पडताळून पाहा, पण गाडीवर नव्हे. टॉर्चचे दोन सेल, बल्ब आणि पेन्सिलीतले शिसे एकसरीत जोडा. बल्ब मंद का होतो? बल्ब काढून त्याच्या जागी मीटर लावला, तर तो किती व्होल्ट दाखवेल? आधी उत्तर वहीत लिहा, मग प्रयोग करा.