आधी पुस्तकं ठरवा, मग ई-रीडर

भारतातून कॅनडाला निघताना तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगा भरायच्या असतात आणि त्यात पुस्तकांचा नंबर मसाले, लोणची आणि चकलीच्या भाजणीनंतर लागतो. कपाटभर पुस्तकं मागे राहतात. मग ब्लॅक फ्रायडेच्या सुमारास मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारतं, ‘ई-रीडर घ्यायचाय, कुठला घेऊ?’ पाठोपाठ उत्तर येतं, ‘डोळे झाकून किंडल घे.’

हा सल्ला भारतात बहुधा चालून जातो. कॅनडात राहून मराठी आणि इंग्रजी दोन्ही वाचणाऱ्याला तो अर्धाच उपयोगी पडतो. यंत्राआधी पाहायचं ते हे, की आपली पुस्तकं येणार कुठून. बहुतेक गैरसमज हा प्रश्न न विचारल्यामुळेच होतात.

गैरसमज १ : किंडल घेतलं की इथल्या लायब्ररीतली ई-पुस्तकंही त्यावर येतात.

वस्तुस्थिती : अमेरिकेत येतात, कॅनडात येत नाहीत. टोरांटोपासून व्हँकूवरपर्यंत बहुतेक सार्वजनिक लायब्रऱ्या ओव्हरड्राइव्ह या कंपनीच्या यंत्रणेतून, म्हणजे लिबी ॲपवरून ई-पुस्तकं देतात. त्यातलं पुस्तक थेट किंडलवर पाठवायची सोय फक्त अमेरिकी लायब्रऱ्यांसाठी आहे. डेट्रॉइटच्या मावसभावाला जे सहज जमतं, ते नदीच्या पलीकडे विंडसरमध्ये जमत नाही. यूट्यूबवरचे बरेचसे परीक्षण-व्हिडिओ अमेरिकेतून बनतात, त्यामुळे हा फरक खरेदीनंतरच लक्षात येतो.

इथे कोबो हा ई-रीडर उजवा ठरतो. नाव ऐकून तो जपानी वाटतो, पण त्याचा जन्म टोरांटोचा. इंडिगो या पुस्तकांच्या दुकानांच्या साखळीने सुरू केलेल्या उपक्रमातून २००९ मध्ये कोबो कंपनी उभी राहिली आणि २०१० मध्ये तिचा पहिला ई-रीडर आला. जपानच्या राकुतेनने ती ३१.५ कोटी अमेरिकी डॉलरला घेत असल्याचं २०११ मध्ये जाहीर केलं, तरी मुख्यालय टोरांटोतच राहिलं. कोबोमध्ये ओव्हरड्राइव्ह आतच बसवलेलं आहे. लायब्ररी कार्डाचा नंबर आणि पिन एकदा दिला की यंत्रावरच पुस्तक शोधायचं, उसनं घ्यायचं आणि वाचायचं. मुदत संपली की ते आपोआप परत जातं, त्यामुळे उशिराच्या दंडाची भानगड नाही.

मात्र ई-पुस्तक आहे म्हणून ते लगेच मिळेल, असं समजू नका. लायब्ररीने एका प्रतीचा परवाना घेतला असेल, तर एका वेळी एकालाच ती मिळते. बाकीचे रांगेत. हे परवाने बऱ्याचदा ठरावीक काळापुरते किंवा ठरावीक वापरांपुरते असतात. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये, ई-पुस्तक २६ वेळा दिलं की त्याचा परवाना संपेल, असा नियम आणला तेव्हा लायब्रऱ्यांनी मोठी ओरड केली होती. नव्या गाजलेल्या पुस्तकासाठी म्हणूनच कधीकधी महिनोन् महिने थांबावं लागतं.

गैरसमज २ : मराठी पुस्तक कुठल्याही ई-रीडरवर मिळतं आणि नीट दिसतं.

वस्तुस्थिती : दोन्ही बाबतीत फरक आहे. ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तकं आणली. मेहता पब्लिशिंग हाऊससारख्या प्रकाशकांची पुष्कळ पुस्तकं आज तिथे आहेत. कोबोच्या दुकानात मराठीचा शोध लवकर आटोपतो. इथल्या लायब्ररीत लिबीवरही भर इंग्रजी-फ्रेंचवरच असतो.

आता दिसण्याचं. ‘कि’ लिहिताना आपण वेलांटी ‘क’च्या डावीकडे काढतो, पण युनिकोडमध्ये आधी ‘क’ साठवला जातो आणि नंतर वेलांटी. पडद्यावर तिला डावीकडे आणून बसवायचं काम सॉफ्टवेअरचं. त्याला ते जमलं नाही की वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, ‘स्त्री’ची फोड होऊन पायमोडकी अक्षरं वेगवेगळी दिसतात आणि रफार हवेत लटकतो. किंडल देवनागरी व्यवस्थित दाखवतं. इतर यंत्रांवर फाइलचा प्रकार आणि फॉन्ट यांवर बरंच अवलंबून असतं. कोबोवर आपला देवनागरी फॉन्ट टाकता येतो. पण फॉन्ट चांगला असला तरी जोडाक्षरं जुळतीलच, असं नाही. म्हणून खरेदीनंतर परतीची मुदत संपण्याआधी एक मराठी इपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, चढवून ‘श्रद्धा’, ‘उद्घाटन’, ‘कर्त्री’ असे शब्द डोळ्यांखालून घाला.

आणखी एक मेख आहे. किंडलचं दुकान यंत्रावरून नव्हे, तर खात्याच्या देशावरून ठरतं आणि एका वेळी एक यंत्र एकाच खात्याला जोडलेलं असतं. भारतातल्या खात्यावर घेतलेली मराठी पुस्तकं आणि कॅनडातल्या खात्यावरची इंग्रजी पुस्तकं एका किंडलवर सुखाने नांदत नाहीत. कुठलं खातं ठेवायचं, ते पहिलं पुस्तक घेण्याआधीच ठरवा.

गैरसमज ३ : मराठी पीडीएफ ढिगाने मिळतात, मग कुठलाही ई-रीडर चालेल.

वस्तुस्थिती : ढिगाने मिळतात हे खरं. ई साहित्य प्रतिष्ठान मोफत ई-पुस्तकं देतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली शेकडो प्रकाशनं संकेतस्थळावर ठेवली आहेत. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या पुस्तकांचे स्कॅन आहेत. पण पीडीएफ म्हणजे पानाचा फोटोच समजा. त्यात अक्षर मोठं केलं की ओळ आपली आपण मोडून खाली येत नाही, अख्खं पानच फुगतं. सहा इंची ई-रीडरचा पडदा जेमतेम साडेतीन इंच रुंद असतो, तर ए-फोर पान सव्वाआठ इंच. म्हणजे प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत वाचायची. दहा मिनिटांत वैताग येतो.

पीडीएफ इपबमध्ये बदलून घेऊ म्हणाल, तर तिथेही अडचण आहे. जुन्या मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी अनेकदा श्रीलिपीसारख्या, युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये झालेली असते. पडद्यावर ‘शाळा’ दिसत असली तरी आत भलतीच रोमन चिन्हं असतात. रूपांतर केलं की तीच बाहेर पडतात. ज्यांचं वाचन मुख्यतः पीडीएफचं, त्यांनी दहा इंचांच्या आसपासचाच ई-रीडर पाहावा, नाहीतर सरळ टॅबलेट वापरावा.

जुनं ते सगळं फुकट, हेही खरं नाही. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांची पुस्तकं २०११ पासून खुली झाली. कॅनडात ही मुदत ५० वर्षांची होती, ती २०२२ च्या अखेरीस ७० झाली, पण तोवर खुली झालेली पुस्तकं खुलीच राहिली. परिणामी १९६९ मध्ये निवर्तलेल्या आचार्य अत्र्यांचं स्वतःचं लेखन कॅनडात आधीच मुक्त आहे, भारतात मात्र त्यासाठी २०३० उजाडावं लागेल.

गैरसमज ४ : पडदा तो पडदाच. ई-रीडरनेही डोळे बिघडतात आणि झोप उडते.

वस्तुस्थिती : ई-रीडरच्या ई-इंक पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे-पांढरे कण. वीज मिळाली की ते वर-खाली सरकतात आणि पान उमटतं. पान उलटेपर्यंत ते तसंच राहतं. हा पडदा कागदासारखा बाहेरच्या उजेडात वाचायचा असतो. आतले छोटे दिवे कडेने पानावर प्रकाश टाकतात, टॅबलेटप्रमाणे मागून डोळ्यांत नाही. भर उन्हात तर तो जास्तच स्पष्ट दिसतो.

झोपेची भीती पसरली ती बॉस्टनमधल्या एका अभ्यासामुळे. २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ई-रीडर हा शब्द होता. पण सहभागी १२ जणांच्या हातात प्रत्यक्षात आयपॅड दिला होता. ई-इंकचा दिवा मंद आणि पिवळसर ठेवला तर डोळ्यांपर्यंत येणारा प्रकाश फारच कमी असतो. अर्थात तासन् तास जवळून वाचलं, पापण्या कमी मिटल्या की छापील पुस्तकानेही डोळे शिणतात.

गैरसमज ५ : एकदा चार्ज केलं की तीन महिने बघायला नको.

वस्तुस्थिती : जाहिरातीतले बारा आठवडे रोज अर्धा तास वाचन धरून काढलेले असतात. हिशोब केला तर ते ४२ तास होतात. रोज दोन तास वाचणाऱ्याला चार्जर तीन आठवड्यांत शोधावा लागेल. दिवा प्रखर आणि वायफाय सतत चालू असेल तर त्याहून लवकर. फोनपेक्षा हे तरीही कितीतरी बरं.

कॅनडात थंडीचाही विचार करायला हवा. बहुतेक ई-रीडर शून्य अंशाच्या वर वापरायला बनवलेले असतात. गारठ्यात कुप्यांमधला द्रव घट्ट होतो, कण संथ सरकतात, पान उशिरा उलटतं आणि मागच्या पानाची छाया राहते. बॅटरीही पटकन उतरते. विनिपेगच्या जानेवारीत बसथांब्यावर उभं राहून वाचायचा बेत असेल, तर तो बस येईपर्यंत पुढे ढकला. यंत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवा.

गैरसमज ६ : महाग, रंगीत आणि जास्त जीबीचा तोच चांगला.

वस्तुस्थिती : आज बऱ्याच रंगीत ई-रीडरमध्ये कॅलिडो ३ हा पडदा असतो. कोबोने २०२४ मध्ये आणलेले क्लारा कलर आणि लिब्रा कलर त्यातलेच. त्यात काळी अक्षरं इंचाला ३०० बिंदूंची, रंग मात्र १५० बिंदूंचे. शिवाय रंगाच्या चाळणीमुळे पान किंचित करडं दिसतं आणि दिवा जास्त लावावा लागतो. मुलांची चित्रमय पुस्तकं, कॉमिक्स, नकाशे, रंगीत खुणा करत अभ्यास, यांसाठी रंग कामाचा. कादंबरीला साधा काळा-पांढरा पडदाच जास्त सुखाचा.

जीबींचा सोस तर सोडूनच द्या. नुसत्या मजकुराचं पुस्तक साधारण एक-दोन एमबीचं असतं, १६ जीबीत अशी हजारो मावतात. जागा खातात ती ऑडिओबुक्स आणि स्कॅन केलेल्या पीडीएफ.

गैरसमज ७ : ई-पुस्तक नेहमी स्वस्त पडतं आणि घेतलं की कायमचं आपलं.

वस्तुस्थिती : ओंटारिओत छापील पुस्तकावर प्रांताच्या वाट्याचा कर लागत नाही, फक्त पाच टक्के भरावे लागतात. ई-पुस्तकाला ही सवलत नाही, त्यावर पूर्ण १३ टक्के. छापील किंमत आणि ई-किंमत जवळपास असेल, तर बिलात कागदाचं पुस्तक स्वस्त ठरू शकतं.

आणि आपण विकत घेतो तो बहुधा वाचनाचा परवाना. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादावरून ऑर्वेलची पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून काढून घेतली, पैसे परत केले आणि नंतर माफी मागितली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं. तिथेही पैसे मिळाले, पुस्तकं गेली. फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची विकत घेतलेली पुस्तकं संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून ठेवायची सोयही ॲमेझॉनने काढली. पुस्तक नातवंडांपर्यंत पोचावं असं वाटत असेल, तर कुलूप नसलेली फाइल मिळते का ते पाहा, नाहीतर कागदाची प्रत घ्या.

मग घ्यायचा कुठला?

इंग्रजी वाचन जास्त आणि लायब्ररीचं कार्ड खिशात असेल, तर कोबो. विकतची मराठी पुस्तकं वाचायची असतील, तर किंडल. पीडीएफ, मराठी पुस्तकं विकणाऱ्या बुकगंगाचं ॲप, लिबी आणि किंडल हे सगळं एकाच यंत्रावर हवं असेल, तर बूक्ससारखा अँड्रॉइडवर चालणारा मोठ्या पडद्याचा ई-रीडर. तो महाग असतो, त्याची बॅटरी लवकर संपते आणि सेटिंग्जशी खटपट करावी लागते. आई-बाबांसाठी घेत असाल तर मोठा पडदा निवडा आणि त्यांच्या हातात देण्याआधी खातं, फॉन्ट, अक्षराचा आकार सगळं लावून द्या.

तरीही ठरत नसेल, तर गेल्या वर्षी वाचलेली आणि येत्या वर्षी वाचायची मिळून दहा पुस्तकांची यादी करा. प्रत्येकापुढे लिहा : लायब्ररीत आहे, किंडलवर आहे, बुकगंगावर आहे, पीडीएफ आहे की फक्त छापील. ज्या रकान्यात जास्त खुणा पडतील, त्याला चालेल तो ई-रीडर घ्या. आणि शेवटचा रकानाच भरला, तर ई-रीडरचे पैसे वाचवा आणि पुढच्या वेळी भारतातून येताना एक बॅग पुस्तकांची आणा.