देशाचे सर्वांत मोठे कोर्ट

मंडळी, दिल्लीला गेलं की माणसं लाल किल्ला पाहतात, कुतुबमिनार पाहतात. त्या जागा बादशहांनी बांधल्या. आपल्या स्वतंत्र देशाने बांधलेली एक मोठी जागाही तिथे आहे. ती म्हणजे सर्वोच्च न्यायालय. लोक त्याला सुप्रीम कोर्ट म्हणतात.

तालुक्याला कोर्ट असते. त्याच्या वर जिल्हा कोर्ट. त्याच्या वर हायकोर्ट. आणि सगळ्यांच्या वर सुप्रीम कोर्ट. त्याच्या पुढे अपील नाही.

२६ जानेवारी १९५० रोजी आपली राज्यघटना लागू झाली. दोन दिवसांनी या कोर्टाचे काम सुरू झाले. आधी ते संसदेच्या इमारतीत भरे. १९५८ साली ते स्वतःच्या इमारतीत आले. ही इमारत टिळक मार्गावर आहे. होय, आपल्या लोकमान्यांच्याच नावाचा रस्ता! इमारतीचा आराखडाही गणेश भिकाजी देवळालीकर या मराठी माणसाने केला.

इमारत कशी आहे? वाण्याचा तराजू डोळ्यांपुढे आणा. मधला भाग म्हणजे तराजूची दांडी. दोन बाजूंचे भाग म्हणजे पारडी. मधल्या भागावर मोठा घुमट आहे. कोर्टाचे ब्रीदवाक्य आहे, ‘यतो धर्मस्ततो जयः’. जिथे धर्म, तिथे जय. इथे धर्म म्हणजे न्यायाची वाट.

ही जागा कुणालाही पाहता येते बरं का! २०१८ पासून शनिवारी लोकांना आत नेऊन सगळे दाखवू लागले. सुटीच्या शनिवारी मात्र दाखवत नाहीत. त्यासाठी आधी इंटरनेटवर नाव नोंदवावे लागते. सोबत ओळखपत्र ठेवावे. दारात तपासणी होते. आत न्यायाधीश कुठे बसतात, वकील कुठे उभे राहतात, ते पाहावे. जुन्या वस्तूंचे संग्रहालयही आहे.

पण एवढ्या मोठ्या कोर्टात गरिबाचे कोण ऐकणार? ऐका तर. दिल्लीच्या तिहार तुरुंगात एका कैद्याला फार छळले. दुसऱ्या कैद्याने साधे पत्र लिहून ते न्यायाधीशांना कळवले. कोर्टाने त्या पत्रालाच अर्ज मानले. १९७९ साली निकाल दिला, की कैदी झाला तरी त्याला छळता येणार नाही.

सगळीच पत्रे अशी घेत नाहीत. बांधाचे भांडण, घरभाड्याचा तंटा तिथे पत्राने चालत नाही. वेठबिगारी, तुरुंगातला छळ, बायकांवरचे किंवा दलित-आदिवासींवरचे अत्याचार, अशी तक्रार असली तर कोर्ट पत्राचा विचार करते.

वकिलाला पैसे नसले तरी अडून राहू नये. बायका, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, तुरुंगातले कैदी आणि गरीब माणसे यांना कायद्याने फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिथे विचारावे, नाहीतर १५१०० या नंबरावर फोन करावा.

आता आपल्याला लिहिता येते. अर्ज लिहिताना नाव, गाव, तारीख घालावी. घडले तेवढेच लिहावे. शेवटी अंगठा नको, सही करावी.