झू सरोवर: पाणी येताना दिसते, जाताना दिसत नाही

स्वित्झर्लंडच्या सहलीच्या पत्रकात जुरा पर्वत सहसा नसतो. युंगफ्राऊ असते, टिटलिस असते, जिनिव्हाचे कारंजे असते. फ्रान्सच्या सीमेला लागून असलेल्या या बुटक्या, झाडीने भरलेल्या डोंगररांगांकडे आपल्या सहली वळत नाहीत. याच रांगांत, फ्रेंच भाषक वो प्रांतात, झू नावाचे सरोवर आणि त्याच नावाचे खोरे आहे. खोऱ्याची लोकसंख्या जेमतेम सात हजारांच्या घरात. तरीही जगातल्या अत्यंत महागड्या मनगटी घड्याळांपैकी कितीतरी घड्याळे इथून बाहेर पडतात. हे इथेच का घडले, हे समजायचे तर आधी इथल्या दगडाची आणि पाण्याची ओळख करून घ्यावी लागते.

खोऱ्याची ठेवण

खोरे नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे लांबट पसरले आहे. वायव्येला रिझूचे घनदाट जंगल आणि त्यापलीकडे फ्रान्स. आग्नेयेला माँ तांद्रची रांग. १,६७९ मीटर उंचीचे माँ तांद्र हे स्विस जुरातले सर्वोच्च शिखर. ईशान्येला वाट अडवून उभा आहे १,४८३ मीटर उंचीचा दां द व्होल्यों हा सुळका. म्हणजे तीन बाजूंनी डोंगर, आणि चौथी बाजू फ्रान्समधल्या ले रूस पठाराकडे उघडी.

सरोवर या खोऱ्याच्या ईशान्य टोकाला आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,००४ मीटर उंचीवर, लांबी नऊ किलोमीटर, रुंदी किलोमीटरभर, क्षेत्रफळ सुमारे साडेनऊ चौरस किलोमीटर. जिनिव्हा सरोवरापुढे हे तळेच म्हणायचे, पण जुरा पर्वतात याहून मोठे सरोवर नाही. त्याला खेटून ब्रने नावाचे छोटे सरोवर आहे आणि दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ल पाँ हे गाव. दुसऱ्या टोकाला ल सांतिए आणि त्याच्या पुढे ल ब्रास्यू. कारखाने बहुतेक या दोन गावांत आहेत.

पाणी जाते कुठे?

ऑर्ब नदी फ्रान्समधल्या रूस सरोवरातून निघते, सीमा ओलांडते, खोऱ्यातून संथ वाहत येते आणि झू सरोवरात शिरते. बाहेर पडणारी नदी मात्र नकाशावर कुठेच सापडत नाही. आपले लोणारही असेच बिनवाटेचे. पण तिथल्या पाण्याला आटण्यावाचून मुख्य मार्ग नाही, म्हणून ते खारट झाले. झूचे पाणी गोडे आहे. त्यात पाइक आणि पर्च हे मासे सुखाने राहतात. याचा अर्थ पाण्याला वाट आहे, फक्त ती जमिनीखालून आहे.

कारण हा डोंगर चुनखडीचा आहे. या पर्वतातल्या चुनखडीवरूनच भूशास्त्राने पृथ्वीच्या इतिहासातल्या एका मोठ्या कालखंडाला ‘जुरासिक’ हे नाव दिले. तेव्हा इथे उथळ, उबदार समुद्र होता आणि त्याच्या तळाशी चुन्याचे थर साचले. पुढे कित्येक कोटी वर्षांनी आल्प्सच्या रेट्याने हे थर सरकले आणि त्यांना घड्या पडल्या. वर उचललेल्या घडीच्या रांगा झाल्या आणि खोलगट घडीचे झू खोरे झाले. दां द व्होल्योंजवळ खडकाला मोठा आडवा तडा गेला, थर सरकले आणि खोऱ्याचे तोंड बंद झाले. हिमयुगात इथे बर्फाचा जाड थर होता. तो वितळताना मागे राहिलेल्या चिकणमातीने आणि गाळाने खोऱ्याचा तळ लिंपला, म्हणून पाणी टिकले. जिथे हा लेप पोचला नाही, तिथे पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्याने चुनखडी विरघळवून भेगा रुंद केल्या आणि कडेला विवरे तयार झाली. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये असे होत नाही, त्यामुळे हा प्रकार आपल्याला अनोळखी वाटतो.

स्थानिक लोक या विवरांना नरसाळे म्हणतात, आणि पाणी त्यात गरगरत उतरताना पाहिले की दुसरे नाव सुचणारही नाही. ब्रनेच्या काठी बाँपॉर इथे या उतरत्या पाण्यावर पूर्वी चक्क गिरण्या चालत. विवरे पानापाचोळ्याने तुंबली की शेते बुडत. म्हणून ती साफ ठेवणे हे गावकीचे काम होते.

हे पाणी पुढे सुमारे तीन किलोमीटरवर, दोनशेहून अधिक मीटर खाली, वालॉर्ब गावाजवळ कड्याच्या पायथ्यातून एकदम भरलेली नदी होऊन बाहेर येते. तिथेही तिला ऑर्बच म्हणतात. दोन्ही पाणी एकच, असा लोकांचा फार जुना अंदाज होता. जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी आल्प्सच्या प्रवासवर्णनाच्या १७७९ मध्ये आलेल्या पहिल्या खंडात या विवरांविषयी लिहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कवी गटेही या खोऱ्यात आला होता आणि दां द व्होल्यों चढला होता. पण पुरावा हवा होता. तो १९व्या शतकाच्या शेवटच्या दशकात मिळाला. सरोवरशास्त्राचे जनक मानले जाणारे फ्रान्स्वा-आल्फोन्स फोरेल आणि त्यांचे सहकारी यांनी विवरांत रंग सोडला आणि तो वालॉर्बच्या झऱ्यात उगवला.

रंगापाठोपाठ अभियंते आले. एवढे पाणी एवढ्या उंचीवरून फुकट खाली जाते, हे त्यांना बघवेना. १९०१ मध्ये झू सरोवर आणि ऑर्ब यांच्या जलशक्तीसाठी कंपनी स्थापन झाली, ब्रने सरोवरातून बोगदा खणला गेला आणि वालॉर्बजवळ ला दर्निए इथले वीजघर १९०३ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून सरोवराची पातळी माणूस ठरवतो. विवरांचा जुना मान गेला, आणि शेते बुडण्याचे भयही.

मठ, सॅव्हॉय, बर्न

खोऱ्यात वस्ती उशिरा झाली. सहाव्या शतकात पाँसियुस नावाचा एक साधू ल ल्यू इथे राहिला, अशी कथा आहे. तिच्यात खरे किती हे सांगणे कठीण. लेखी इतिहास सुरू होतो तो १२व्या शतकाच्या पूर्वार्धात. ग्रांसोंच्या सरदारांनी प्रेमाँत्रे पंथाच्या संन्याशांना सरोवराच्या काठी मठ बांधून दिला. मठ गेला, त्याचा बुरूज आजही उभा आहे आणि गावाचे नावच लाबेई, म्हणजे मठ, असे आहे. १३४४ मध्ये खोरे सॅव्हॉय घराण्याने विकत घेतले. १५३६ मध्ये बर्नने वो प्रांत जिंकला, धर्मसुधारणा लादली आणि मठ बंद झाला. वो स्वतंत्र प्रांत झाला तो १८०३ मध्ये.

राजे बदलले तरी खोऱ्यातले रोजचे जगणे लाकडावर चाललेले होते. ब्रनेकाठच्या ले शार्बोनिएर गावाचे नाव कोळसा पाडणाऱ्यांवरून पडले. कोळसा होता म्हणून लोखंडाच्या भट्ट्या आल्या, भट्ट्या होत्या म्हणून लोहार आणि चाकू-सुऱ्या करणारे आले. रिझूच्या उंचावरचे स्प्रूस फार सावकाश वाढतात, त्यांची वर्षवलये बारीक आणि सारखी असतात. त्या लाकडाला व्हायोलिन आणि गिटार बनवणाऱ्यांकडून आजही मागणी आहे.

घड्याळे: शेतकऱ्याची गोष्ट आणि तिच्यामागचे वास्तव

घड्याळ कंपन्यांच्या माहितीपत्रकांत एक गोष्ट हटकून असते. हिवाळ्यात सहा महिने बर्फात अडकलेला शेतकरी खिडकीशी बसून चाके कोरू लागला आणि घड्याळ जन्मले. गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. बर्फात अडकलेली खोरी आल्प्समध्ये शेकड्याने आहेत. त्या सगळ्यांत घड्याळे झाली नाहीत.

इथे आधीच धातूकाम येत होते, हे पहिले कारण. दुसरे असे की शेती फार तोकडी होती. एवढ्या उंचीवर धान्य धड पिकत नाही, गुरे आणि गवत एवढाच आधार. आणि तिसरे म्हणजे वाट. माल खिंडीतून बाहेर न्यायचा तर तो हलका आणि मोलाचा हवा. खिशात मावणारा घड्याळाचा सांगाडा या हिशेबात चपखल बसला. १७४०च्या सुमारास साम्युएल-ऑलिव्हिए मेलाँ हे काम शिकून खोऱ्यात परतले, आणि दोन-तीन पिढ्यांत घराघरांत खिडकीखाली बाकडी लागली.

माल मुख्यतः जिनिव्हाला जाई. इथले कारागीर यंत्र बनवत आणि तबकडीवर नाव लागे शहरातल्या व्यापाऱ्याचे. खोऱ्याची ही अनामिकता फार काळ टिकली. विशेषतः ज्यांना घड्याळजी ‘कॉम्प्लिकेशन’ म्हणतात, म्हणजे ठोके देऊन वेळ सांगणारी, लीप वर्ष ओळखणारी, सेकंदाचे अंश मोजणारी यंत्रणा, तिच्यात हे खोरे वाकबगार होते. जिनिव्हाच्या कित्येक नामांकित घड्याळांचे पोट इथे भरले गेले आहे.

आंत्वान लकूल्त्र यांनी १८३३ मध्ये ल सांतिएला कार्यशाळा काढली. १८४४ मध्ये त्यांनी मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, मोजणारे उपकरण बनवले. मोजता आले की तंतोतंत सारखे भाग पाडता येतात. कारखानदारीची खरी सुरुवात तिथे झाली. १८६६ मध्ये वेगवेगळे कारागीर त्यांनी एका छपराखाली आणले. १८७५ मध्ये ल ब्रास्यूला ज्यूल ओदमार आणि एदवार पिगे यांनी भागीदारी केली, तीच आजची ओदमार पिगे.

१९७०च्या दशकात क्वार्ट्झ घड्याळांनी स्विस धंद्याचे कंबरडे मोडले. या खोऱ्यानेही मार खाल्ला. पण १९७२ मध्ये ओदमार पिगेने गेराल्ड जेंता यांनी रेखाटलेले ‘रॉयल ओक’ बाजारात आणले. पोलादी घड्याळ, किंमत सोन्याची. लोकांना तो वेडेपणा वाटला, पण त्यातूनच पुढची दिशा ठरली. स्वस्त आणि अचूक घड्याळात जपानशी स्पर्धा करणे शक्य नव्हते. दुर्मीळ कारागिरी विकणे शक्य होते. २०२० मध्ये जुरा पट्ट्यातील यांत्रिक घड्याळांच्या कारागिरीचा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला.

भारताचा धागा

या खोऱ्याच्या सर्वात ओळखीच्या घड्याळांपैकी एकाचा उगम भारतात आहे. १९३०-३१च्या हिवाळ्यात घड्याळांचे व्यापारी सेझार द त्रे भारतात होते. पोलो खेळताना घड्याळाची काच फुटते, अशी ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांची तक्रार त्यांच्या कानावर आली. त्यांनी ती लकूल्त्रकडे नेली. फ्रेंच अभियंता रने-आल्फ्रेद शोव्हो यांनी घड्याळाची चौकट सरकवून उलटी करता येईल अशी रचना केली आणि मार्च १९३१ मध्ये पॅरिसमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. हेच ‘रिव्हर्सो’. मैदानावर ते किती जणांनी घातले कुणास ठाऊक. दिवाणखान्यात मात्र ते फार गाजले.

बर्फ विकणारे गाव

सरोवर उथळ असल्याने आणि खोऱ्यात थंड हवा साचून राहत असल्याने हिवाळ्यात पाणी गोठते. आज त्यावर लोक स्केटिंग करतात. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा धंदा होता. बर्फाच्या लाद्या करवतीने कापायच्या, ल पाँच्या बर्फघरांत भुशात साठवायच्या आणि उन्हाळ्यात पार पॅरिसपर्यंत पाठवायच्या. १८८६ मध्ये वालॉर्ब ते ल पाँ रेल्वे झाली, तिच्यामागे या मालाचा मोठा हात होता. रूळ ल ब्रास्यूपर्यंत पोचले १८९९ मध्ये. यंत्राने बर्फ बनू लागला तसा धंदा संपला. रेल्वे राहिली.

सालीत बांधलेले चीज

शरद ऋतूत गुरे वरच्या कुरणांतून उतरतात, दूध कमी होते आणि ग्रुयेरची मोठी चाके पाडण्याइतके उरत नाही. त्या थोड्या दुधाचे मऊ चीज म्हणजे वाश्रँ माँ-दॉर. स्प्रूसच्या सालीच्या पट्टीने त्याची कड बांधतात आणि स्प्रूसच्याच डबीत ठेवतात. पिकले की ते चमच्याने खायचे. सप्टेंबर ते वसंत एवढाच त्याचा हंगाम.

या चीजचा एक काळा अध्यायही आहे. १९८३ ते १९८७ या काळात पश्चिम स्वित्झर्लंडमध्ये लिस्टेरिया जंतूच्या संसर्गाने तीसहून अधिक लोक दगावले, आणि माग वाश्रँपर्यंत पोचला. विक्री थांबली, पद्धत बदलली, आता दूध ठरावीक तापमानाला तापवून घेतात. लाकडी फळ्यांपासून स्वच्छतेपर्यंत सारे नव्याने उभे करावे लागले. धंदा सावरला, हे त्या चीज करणाऱ्यांचे श्रेय.

रिझूच्या पलीकडे

दुसऱ्या महायुद्धात रिझूचे जंगल ही जर्मनव्याप्त फ्रान्स आणि तटस्थ स्वित्झर्लंड यांच्यातली सीमा होती. जंगलाच्या वाटा पाठ असलेल्या दोन्हीकडच्या लोकांनी पत्रे, गुप्त माहिती आणि माणसे या झाडीतून पार केली. आन-मारी पिगे ही खोऱ्यातलीच तरुणी स्विस रेडक्रॉसच्या मदतकार्यासाठी दक्षिण फ्रान्समध्ये होती. तिथल्या बालगृहातल्या ज्यू किशोरांना तिने फ्रेंच बाजूच्या कोर्दिए बहिणींच्या मदतीने रिझूमधून स्वित्झर्लंडमध्ये आणले. हे नियमबाह्य होते, कारण स्विस सरकार त्या काळात अनेक ज्यू निर्वासितांना सीमेवरून परत पाठवत होते. इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने पुढे तिचा गौरव केला. आज याच सीमेवरून रोज सकाळी फ्रेंच कामगारांच्या मोटारींची रांग घड्याळ कारखान्यांकडे येते.

जायचे असेल तर

लोझानहून रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास ल सांतिए गाठता येते. तिथे घड्याळांचे संग्रहालय आहे, ले शार्बोनिएरला वाश्रँचे. कारखाने मात्र वाटेल तेव्हा आत घेत नाहीत, आधी विचारावे लागते. दां द व्होल्योंच्या माथ्यावरून दोन्ही सरोवरे एका नजरेत येतात. वालॉर्बच्या गुहा १९७४ पासून लोकांसाठी खुल्या आहेत आणि जमिनीखालच्या ऑर्बचा आवाज तिथे ऐकता येतो. हिवाळ्यात त्या बंद असतात, तेव्हा तारखा पाहून बेत करा. आणि थंडीत सरोवर गोठलेले दिसले तरी बर्फ सुरक्षित असल्याचा फलक पाहिल्याशिवाय त्यावर पाऊल टाकू नका.